‘मदर’ला आत्या म्हणताना

‘मदर’ला काय म्हणायचं, तिथं मी अडले.

पडद्यावर एक जपानी सून सासूचे खांदे चेपत होती. खाली इंग्रजीत ओळ उमटली, त्यात ती सासूला ‘मदर’ म्हणत होती. माझ्या शेजारी दिवाणावर आत्या बसल्या होत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे कोल्हापुरात सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. मी मूळची नाशिकची, त्यामुळे लग्नानंतर ‘आत्या’ तोंडात बसायलाच मला वर्ष लागलं होतं. आता ती ओळ मोठ्यानं मराठीत सांगायची होती आणि हातात जेमतेम तीन सेकंद होते. ‘आई’ म्हणावं तर ही तिची लेक वाटणार. ‘सासूबाई’ असं तोंडावर कुणी म्हणत नाही. शेवटी मी म्हटलं, ‘आत्या, तुम्ही आलात ते बरं झालं.’

आत्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. ‘मी कुठनं आलोय? इथंच तर हाय.’

मग दोघींना हसू आवरेना आणि पुढच्या दोन-तीन ओळी तशाच निघून गेल्या.

हा उद्योग सुरू झाला नणंदेच्या मुलामुळं. तो पुण्याला असतो. जानेवारी २०२० मध्ये संक्रांतीला आला तेव्हा त्यानं आमच्या टीव्हीच्या मागं काडीसारखं काहीतरी खोचलं, माझ्या फोनवर खटपट केली आणि म्हणाला, ‘मामी, तू सारखी म्हणतेस ना, बघायला काही नाही. हे घे.’ मी तसं म्हणायचे खरं. शाळेचं, घरचं उरकून रात्री साडेनऊला टीव्हीसमोर बसलं की बाकीच्या ॲपांवर अर्धा तास नुसती पोस्टरं सरकवण्यात जायचा. काहीतरी लावायचं, दहा मिनिटांनी बंद करायचं, आणि झोपायला जाताना वेळ फुकट गेल्याची चिडचिड. हजारो चित्रपट आहेत म्हणून काहीच बघून होत नव्हतं.

त्यानं लावून दिलेली सेवा म्हणजे मुबी. भारतात ती नुकतीच, २०१९च्या नोव्हेंबरात आली होती. तिचा तेव्हाचा नियम मला पहिल्या दिवशी विचित्र वाटला. एका वेळी फक्त तीस चित्रपट. रोज एक नवा येणार आणि तीस दिवस झालेला एक जाणार. निवड माणसं बसून करतात, आणि हा का निवडला याचं चार ओळींचं टिपण खाली असतं. भारतीय चित्रपटांसाठी असंच वेगळं दालन होतं. ही कल्पना काढणारा एफे चाकारेल हा तुर्की माणूस. २००७ साली टोकियोतल्या एका कॅफेत बसून त्याला वाँग कार-वायचा ‘इन द मूड फॉर लव्ह’ बघायचा होता, तो इंटरनेटवर कुठं मिळेना, त्यातून हे सुचलं असं तो सांगतो. आधी नाव ‘द ऑटर्स’ होतं, २०१० पासून मुबी झालं.

मला हे खानावळीसारखं वाटलं. हॉटेलात मेनूकार्ड चाळत बसायचं. खानावळीत आज जे शिजलंय ते ताटात येतं. आवडलं नाही तर उद्या दुसरी भाजी आहेच.

पहिले काही आठवडे मात्र ताट तसंच उष्टं राहायचं. नावं उच्चारता येत नव्हती, कोण मोठा दिग्दर्शक, कोण नवखा, कळत नव्हतं. माणूस दारातून बाहेर गेला तरी कॅमेरा रिकाम्या दाराकडंच बघत बसलाय असं दिसलं की माझा हात फोनकडं जायचा. आणि आळस नडायचा तो वेगळाच. फ्रेंच दिग्दर्शिका ॲग्नेस वार्दाचा ‘क्लिओ फ्रॉम ५ टू ७’ मी एका रात्री निम्मा बघितला. एक गायिका पॅरिसमध्ये फिरतेय, कॅन्सर आहे की नाही त्याचा रिपोर्ट संध्याकाळी कळणार आहे, तोवरचे दोन तास कसे जातात, एवढीच गोष्ट. जेमतेम दीड तासाचा चित्रपट, पण डोळे मिटायला लागले म्हणून म्हटलं, उरलेला उद्या. ‘आज शेवटचा दिवस’ असं तिथं लिहिलेलं होतं, मी ते वाचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी चित्रपट गायब. क्लिओचा रिपोर्ट काय आला ते मला कित्येक महिने कळलं नाही. वर्गात नकाशा शिकवताना फ्रान्स आलं की ती बाई पॅरिसच्या रस्त्यावर अजून फिरतेय असं वाटायचं. पण त्या दिवसापासून मी ‘नंतर बघू’ म्हणणं सोडलं. रोज संध्याकाळी आधी बघायचं, आज जाणार कोण.

मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. हे पिंपरीत अडकले, मुलगा बंगळुरूला. घरात आत्या आणि मी. त्याच सुमाराला मालिकांची शूटिंगं थांबली आणि टीव्हीवर जुनेच भाग फिरून दाखवायला लागले. आत्यांची संध्याकाळ सात ते साडेनऊ ठरलेली असायची. ती एकदम मोकळी झाली. दोन-चार दिवस त्यांनी जुने भाग पाहिले, मग एका रात्री मी माझं लावून बसले होते तिथं त्या येऊन बसल्या.

‘बिनरंगी हाय व्हय?’

‘हो. इटलीचा आहे. जुना.’

‘आमच्या येळचा म्हणजे.’

तो व्हित्तोरिओ दे सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ होता, १९४८चा. युद्धानंतरचं रोम. माणसाला भिंतीवर पोस्टरं चिकटवायचं काम मिळतंय, पण त्यासाठी सायकल पाहिजे आणि ती गहाण पडलीय. बायको पलंगावरच्या चादरी ओढून काढते, गाठोडं बांधते आणि ते गहाण टाकून सायकल सोडवते. गहाणवाल्याचा माणूस गाठोडं घेऊन मागं जातो आणि शिडीवर चढतो. तिथं छतापर्यंत गाठोडीच गाठोडी रचलेली आहेत. तो चढतोय, चढतोय, आणि गाठोडी संपत नाहीत.

आत्या म्हणाल्या, ‘ह्यातली सुटली किती असतील?’

त्या एका वाक्यानं मी जागी झाले. मी तो प्रसंग ‘छान टिपलाय’ म्हणून बघितला होता. त्यांनी तो घरातल्या पाटल्यांच्या हिशोबानं बघितला.

त्या रात्री त्यांनी बाकी फार विचारलं नाही, पण पंधरा मिनिटांनी एकदा ‘काय म्हणालाय त्यो?’ व्हायचंच. मी सांगत गेले. संपल्यावर त्यांना बलराज साहनीची हातरिक्षा आठवली. ती आठवण उगीच नव्हती. १९५२ साली मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात हा चित्रपट दाखवला गेला आणि तो बघून बिमल रॉय यांनी ‘दो बिघा जमीन’ केला. आत्यांना मी हे नंतर वाचून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग? दिसतंयच की ते.’

कोल्हापूरच्या बाईला सिनेमाचं कौतुक सांगायला जाऊ नये. बाबूराव पेंटरांचं गाव हे. प्रभात कंपनी निघाली ती इथंच, १९२९ साली, पुण्याला गेली नंतर. आत्या लहानपणी जयप्रभा स्टुडिओच्या फाटकाशी उभ्या राहून घोडे आत जाताना बघायच्या. पद्मा, उमा या टॉकीजांमध्ये काय काय लागलं होतं ते त्यांना कोणाच्या बारशाला, कोणाच्या लग्नाला, असं लक्षात आहे. बिचकत होते ते मी. अडचण एकच होती: इंग्रजी. आत्या सातवी शिकलेल्या, मराठी वर्तमानपत्र रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, पण इंग्रजी अक्षरं त्यांच्यासाठी नक्षी.

म्हणून मी वाचायला लागले.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. ओळ येते, आपण ती मनात वाचायची, मराठी करायची, बोलायची, तोवर पुढची येऊन गेलेली असते. सुरुवातीला मी रिमोटनं थांबवून सांगायचे. आत्यांनी ते दुसऱ्याच दिवशी बंद केलं. ‘सारखं थांबवू नको. तुकडं पाडल्यागत हुतंय.’ मग मी सगळंच सांगायचं सोडलं. कोणी दाराशी येऊन ‘मी आलोय’ म्हणत असेल तर ते दिसतंच आहे. नावं सांगायची नाहीत, नातं सांगायचं: ‘हा थोरला’, ‘ही शेजारीण’. भांडण चालू असेल तर शब्द नकोत, कशावरून एवढं पुरे. आणि बाई एकदम हळू बोलायला लागली की मात्र एकही शब्द गाळायचा नाही.

पुढं पुढं मी चित्रपट आदल्या रात्री एकटीनं बघायला लागले. सहावी ‘ब’च्या उरलेल्या वह्यांपैकी एक घेतली आणि अवघड ओळी आधीच मराठीत लिहून ठेवायला लागले. तीस दिवसांची मुदत डोक्यावर असल्यामुळं हे गृहपाठासारखं नेमानं व्हायचं. एकच चित्रपट दोनदा बघण्याची सवय मला अशी लागली, आवड म्हणून नाही. पहिल्यांदा मी गोष्टीमागं धावायचे. दुसऱ्यांदा, तोंडानं बोलत असताना, मला भिंती दिसायच्या, हात दिसायचे, खिडकीबाहेरचा आवाज ऐकू यायचा. रिकाम्या दाराकडं कॅमेरा का थांबलाय ते मला चौथ्या-पाचव्या चित्रपटाला कळलं. आणि ते कळलं तेव्हा मी बोलायची थांबले होते, कारण सांगायला काही नव्हतं.

एक दिवस इराणचा चित्रपट होता. अब्बास किआरोस्तामी, १९८७. अहमद नावाचा आठ वर्षांचा पोरगा चुकून मित्राची वही घरी घेऊन येतो. मास्तरांनी वर्गात ताकीद दिलीय, उद्या गृहपाठ त्याच वहीत केला नसशील तर शाळेतून काढून टाकीन. म्हणून अहमद वही परत करायला शेजारच्या गावी निघतो, आणि मित्राचं घर काही सापडत नाही. बस्स. मी वाचायला तोंड उघडणार तोच आत्या म्हणाल्या, ‘दप्तर म्हणालाय न्हवं त्यो?’

मी कान दिला. खरंच. पोरगा सारखं ‘दफ्तर, दफ्तर’ म्हणत होता. फारसीत दफ्तर म्हणजे वही. आमच्याकडं तिचं दप्तर झालं आणि वह्या आत गेल्या. चित्रपटाचं मूळ नाव आहे ‘खाने-ये दोस्त कोजास्त’, म्हणजे दोस्ताचं घर कुठाय. खाने म्हणजे घर. आमच्या दवाखान्यातलं, कारखान्यातलं. पेशव्यांच्या दप्तरापासून पोरांच्या दप्तरापर्यंत एवढी फारसी आपण रोज बोलतो, आणि तरी इंग्रजीच्या चाळणीतून ती मला कधी ऐकूच आली नव्हती. इंग्रजी अक्षर न वाचणाऱ्या बाईनं ऐकली, कारण ती ऐकतच होती. मी वाचत होते.

त्या पोराची आई त्याला दर दोन मिनिटांनी काम सांगते. आजोबा अडवतो, सिगारेट आणायला पाठवतो. सिगारेट त्याच्याकडं आहेच, पोराला वळण लागावं म्हणून. मग शेजाऱ्याला सांगतो, माझा बाप मला आठवड्याला एक पैसा द्यायचा आणि पंधरा दिवसांनी एकदा मार. पैसा द्यायला कधी विसरायचा, मार द्यायला कधी नाही. मास्तरीण म्हणून माझा जीव खाली-वर होत होता. वही विसरलेल्या पोरांना मीही वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. आत्यांना तसलं काही झालं नाही. त्या आजोबावर भडकल्या होत्या. शेवटी वहीच्या पानात एक वाळलेलं फूल दिसतं तेव्हा त्या फक्त ‘हां’ एवढंच म्हणाल्या.

सगळंच त्यांना आवडलं असं मुळीच नाही. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीच्या ‘स्टॉकर’ला त्या विसाव्या मिनिटाला झोपल्या. मीही पाऊण तासाला. त्याबद्दल माझ्या मनात आता अपराधी वाटत नाही.

पण बेल्जियमच्या एका चित्रपटानं मला पार गप्प केलं. शांताल आकरमन या दिग्दर्शिकेचा ‘जान डिलमन’, १९७५चा, लांबी २०१ मिनिटं. ती पंचविशीत असताना तिनं तो केला. २०२२ साली एका ब्रिटिश मासिकानं जगभरच्या समीक्षकांची मतं घेतली तेव्हा सर्वोत्तम चित्रपट म्हणून हाच पहिला आला, पण आम्ही बघितला तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की हा लांबलचक आहे आणि यात बाई बटाटे सोलते. विधवा बाई, शाळेत जाणारा मुलगा. ती उठते, बूट पुसते, अंथरूण घडी करते, भांडी घासते, बटाटे उकडायला ठेवते. दुपारी दारावर एक पुरुष येतो, ती त्याला खोलीत नेते, तो पैसे देऊन जातो, ती पैसे चिनी मातीच्या भांड्यात टाकते आणि बटाटे उतरवते. हे सगळं खऱ्या वेळात, कॅमेरा जागचा न हलता.

दुपारच्या पाहुण्याचं आत्यांना काय सांगायचं याचा मी आदल्या रात्री फार विचार केला होता. वेळच आली नाही. चित्रपटात बोलणं इतकं कमी की मला वाचायला जवळजवळ काही नव्हतं. दार बंद झालं, बाहेर अंधार झाला, दार उघडलं. आत्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘नवरा न्हाई. पोरगं शिकतंय.’ आणि विषय संपला.

त्यांचं लक्ष स्वयंपाकघरात होतं. ‘साल केवढी जाड काढती.’ ‘दिवा बंद केल्याबिगर भाईर पडत न्हाई बघ, चांगलं वळण हाय.’ दुसऱ्या दिवशी, म्हणजे चित्रपटातल्या दुसऱ्या दिवशी, पाहुणा गेल्यावर त्या सरसावून बसल्या. ‘हिचं कायतरी बिनसलंय.’ मी म्हटलं, कुठं? ‘त्या भांड्यावर झाकण ठेवलं न्हाई. आन् बटाटे जादा शिजलेत.’ मला आदल्या रात्री हे दिसलं नव्हतं. मी त्या बटाट्यांपर्यंत येईतो पेंगुळले होते. पुढं बाई जादा शिजलेले बटाटे पातेल्यासकट घेऊन या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरते, टाकायचे कुठं ते तिला सुचत नाही. तेव्हा आत्यांनी पदर तोंडाला लावला. सबंध आयुष्य स्वयंपाकघरात काढलेल्या बाईला वेळेवर न पडलेल्या झाकणात जे दिसलं, ते समजायला मला नंतर दोन लेख वाचावे लागले. शेवट काय होतो ते इथं सांगत नाही. आत्यांना तो पटला नाही. ‘एवढ्यावर थांबवायला पायजे हुतं,’ म्हणाल्या.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगायचे. तो म्हणाला, ‘मामी, तू बेन्शी झालीस.’ मूकपटांच्या काळात जपानात पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा, गोष्ट सांगायचा, तो बेन्शी. लोक नटापेक्षा बेन्शीचं नाव बघून तिकीट काढायचे, आणि त्यांच्यामुळंच तिथं बोलपट आल्यावरही मूकपट काही वर्षं टिकून राहिले. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा थोरला भाऊ बेन्शी होता. बोलपटांनी त्याचं काम गेलं, आणि १९३३ साली त्यानं जीव दिला. हे ऐकल्यावर मला ती पदवी तितकीशी गोड वाटली नाही, पण आत्यांना शब्द आवडला. ‘बेणशी’ म्हणायला लागल्या. ‘बेणशीबाई, चहा टाका आदी.’

मेमध्ये मुबीनं जुने चित्रपट उघडे केले, म्हणजे तीस दिवसांनी गेलेलेही संग्रहात सापडायला लागले. सोय झाली, आणि क्लिओचा रिपोर्टही एकदाचा कळला. पण खरं सांगू? माझी शिस्त मोडली. पुन्हा पोस्टरं सरकवणं सुरू झालं. मग आम्ही घरातच नियम केला: रोज जो नवा येईल तोच, नाही तर आत्या बोट ठेवतील तो. त्या चित्रावर बोट ठेवायच्या. असंच एका पावसाळी संध्याकाळी त्यांनी समुद्राकडं तोंड करून बसलेल्या म्हातारा-म्हातारीवर बोट ठेवलं.

‘टोकियो स्टोरी’. यासुजिरो ओझू, १९५३. ओनोमिची हे समुद्राकाठचं गाव. तिथून आईबाप टोकियोला मुलांकडं जातात. थोरला डॉक्टर, मुलगी केस करण्याचं दुकान चालवते. कुणी वाईट नाही, फक्त कुणाला वेळ नाही. मधला मुलगा युद्धात गेलेला, त्याची बायको नोरिको कचेरीत कामाला. तीच एक रजा काढून त्यांना शहर दाखवते.

सुरुवातीलाच म्हातारा-म्हातारी सामान भरताहेत. हवेची उशी कुठाय? ती म्हणते, तुमच्याकडं दिली. तो म्हणतो, माझ्याकडं नाही. मग ती त्याच्याच सामानात सापडते आणि तो ‘सापडली’ एवढंच म्हणतो. आत्या मोठ्यानं हसल्या. मामांचा अडकित्ता असाच त्यांच्या बंडीत सापडायचा आणि घरभर शोधाशोध आत्यांनी केलेली असायची.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, ‘ह्यो पाटावर बसून काढलाय काय?’ ओझूचा कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्याही थोडा खालीच असतो, यावर पुस्तकं लिहिली गेलीत. आत्यांना ती पंगत वाटली.

मुलगी फार भोवली मला. शिगे नाव तिचं. नवऱ्यानं आईबापासाठी चांगली मिठाई आणली तर म्हणते, एवढी महागाची कशाला. गिऱ्हाईकानं विचारलं, हे कोण, तर सांगते, गावाकडचे ओळखीचे. आता ही माझी पडद्यावरची नणंद, आणि टीव्ही जोडून दिलेला माझ्या खऱ्या नणंदेच्या मुलानं. तिच्या ओळी मी जमेल तेवढ्या सपाट आवाजात वाचल्या. आत्या काही बोलल्या नाहीत. मीही काही बोलले नाही. पुढं आई गेल्यावर तिचे दिवस व्हायच्या आत शिगे आईचं वस्त्र आठवण म्हणून मागते, तिथं आत्या उठून पाणी प्यायला गेल्या.

त्याच्या आधी, टोकियोतच, सासू नोरिकोच्या एका खोलीत राहायला येते, गेलेल्या मुलाच्या अंथरुणावर झोपते, आणि ते ‘आत्या, तुम्ही आलात’ झालं. हसून झाल्यावर मात्र पुढचं मला सलग वाचता येईना. पडद्यावरच्या बाईला मी आत्या म्हणत होते आणि आत्या शेजारी बसून ऐकत होत्या. नोरिको सासूच्या हातात थोडे पैसे ठेवते. सासू नको नको म्हणते. ‘घ्या की आत्या,’ मी म्हटलं. आवाज माझाच होता.

म्हातारी गावी परतते आणि तिथं वारते. पहाटे म्हातारा एकटाच बाहेर उभा राहून म्हणतो, पहाट सुंदर होती, आज उकडणार. तो चिशू र्यू हा नट तेव्हा ४९ वर्षांचा होता असं मी सांगितलं तर आत्यांना ते खरं वाटेना. सून झालेली सेत्सुको हारा तेहतीस. तिनं १९६३ नंतर कॅमेऱ्यासमोर यायचंच सोडलं, आणि कामाकुराला २०१५पर्यंत जगली, कुणाला मुलाखत नाही की फोटो नाही. त्याच १९६३ साली ओझू गेला, १२ डिसेंबरला, बरोबर साठाव्या वाढदिवशी. लग्न केलं नव्हतं, आईबरोबर राहायचा.

शेवटाकडं धाकटी मुलगी, शाळामास्तरीण, भावंडांवर चिडून नोरिकोला विचारते. इंग्रजी ओळ साधी आहे: आयुष्य निराश करणारं नाही का? नोरिको हसते. हसतच म्हणते, हो, आहे. याच ओळीसाठी मी वहीचं एक पान घालवलं होतं. ‘जगणं निराशाजनकच, नाही?’ ‘आयुष्य म्हणजे निराशाच का गं?’ त्यातलं एक मी वाचलं. आत्या म्हणाल्या, ‘हे कुठलं पुस्तकातलं? असं कोण बोलतंय?’ मूळ जपानीत ‘निराशा’ असा शब्दच नाही, ‘नकोसं असतं हे जग’ असं काहीतरी आहे, हे मला फार नंतर कळलं. म्हणजे मी चहाच्या चोथ्यावर पुन्हा पाणी ओतत होते.

पुढच्या वर्षी कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे नियम बदलले, बँकेतून वर्गणी जाईना, दोन महिने सगळं बंद पडलं. ते निस्तरायला भाचाच लागला. ते सांगण्यात अर्थ नाही. सांगायचं ते त्याच दिवाळीआधीचं. आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो आणि नणंदेचा फोन आला. यंदाही जमत नाही म्हणाली. दुकानाचा सीझन, मुलाच्या परीक्षा, कारणं सगळी खरी होती. आत्या ‘बरं, बरं, तब्येतीला जप’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. चार काड्या निवडल्या. मग विचारलं, ‘ती जपानी मास्तरीण काय म्हणालती गं? शेवटाला?’

मी वहीतलं आठवून सांगायला लागले. त्यांनी हातानंच थांबवलं.

‘तसं न्हवं. तिनं म्हणायचं, असलंच असतंय व्हय गं सगळं? आन् हिनं म्हणायचं, असलंच असतंय.’ काडी मोडून त्यांनी टोपलीत टाकली. ‘पर हसून म्हणायचं.’

मी उठून वही आणली. आधीच्या चार ओळींवर रेघ मारली आणि ही लिहिली. ‘हसून’ तेवढं कंसात घातलं. मेथी अजून निम्मी राहिली होती.